मीलवर्म पाळायचेत : लेकीसाठी, फिंचसाठी आणि मखरासाठी. सल्ला हवा

गॅलरीतली_चिमणी (पुणे)

नमस्कार मंडळी. लेक चौथीत आहे. शाळेत थर्माकोल खाणाऱ्या अळ्यांचा, म्हणजे मीलवर्मचा, व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिला त्या पाळायच्या आहेत, नावं ठेवायची आहेत आणि विज्ञान प्रदर्शनात मांडायच्या आहेत. नवरा म्हणतो आणायच्याच तर आपल्या पिंजऱ्यातल्या झेब्रा फिंच पक्ष्यांना खाऊ होईल, सध्या जोडी अंड्यांवर बसली आहे. आणि माझा स्वार्थ असा की माळ्यावर २०१८ च्या बंदीच्या आधीचं थर्माकोलचं भलंमोठं मखर पडलंय. टाकवत नाही, ठेववत नाही. ते अळ्यांनी संपवलं तर बरंच.

फ्लॅट आहे, मोकळी जागा म्हणजे गॅलरी. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. डबा कोणता, खायला काय, वास येतो का, आणि पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करावं का?

खवट_आजोबा

आमच्या आईने गव्हातल्या किड्यांशी जन्मभर युद्ध केलं. तुम्ही पैसे मोजून आणताय. चालू द्या.

कोंडाबाई (सातारा)

आजोबा, तेच किडे पैसे देऊन आणण्यात मजा आहे. :)

चिमणीताई, मी चार वर्षं पाळतेय, कोंबड्यांसाठी. एक गोष्ट आधीच सांगते, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल: तिन्ही कामं एका डब्यात करू नका. थर्माकोल खाल्लेली अळी फिंचला द्यायची नाही. तिच्या पोटात प्लास्टिकचे कण असतात. त्या डब्यातली विष्ठासुद्धा कुंडीत टाकायची नाही. कोंड्यावर वाढलेल्या अळ्यांची विष्ठा मात्र उत्तम खत, माझा कढीपत्ता त्यावरच आहे.

आता डबा. गुळगुळीत भिंतीचं कुठलंही प्लास्टिकचं घमेलं किंवा ट्रे चालतो, त्यावर अळीला चढता येत नाही. कडेला चिकटपट्टी, लेबल असेल तर काढा, त्याला धरून वर येतात. तळाला दोन-तीन इंच गव्हाचा कोंडा. तेच त्यांचं घर आणि तेच जेवण. पाण्याची वाटी ठेवू नका, बुडून मरतात. गाजराचा किंवा बटाट्याचा काप वर ठेवायचा, पाणी त्यातून मिळतं. घट्ट झाकण नको, आत घाम धरतो. पालीसाठी वर जाळी, मुंग्यांसाठी स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्या लागल्या तर एका रात्रीत डबा साफ.

कोंडा कुठला घेता ते फार महत्त्वाचं. पहिल्या वर्षी मी घरच्या पिठाचा चाळून उरलेला कोंडा घातला. गव्हाला बोरिक पावडर लावलेली होती हे लक्षातच आलं नाही. आठवड्याभरात सगळ्या काळ्या पडून मेल्या. आता पशुखाद्याच्या दुकानातून आणते, कढईत कोरडा भाजते, गार झाला की वापरते. भाजल्याने त्यात आधीपासून असलेले टोके, पोरकिडे आणि त्यांची अंडी मरतात. गाजरही धुऊन, साल काढूनच.

देशी_ओव्हरसीज (नेदरलंड्स)

कोंडाबाईंना पूर्ण अनुमोदन.

प्लास्टिकच्या बाजूचं थोडं सांगतो, कारण व्हिडिओत आकडे नसतात. २०१५ साली बैहांग विद्यापीठाचे जुन यांग आणि स्टॅनफर्डचे वेइ-मिन वू यांच्या गटाने दाखवलं की १०० अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्माकोल खातात. त्यातल्या कार्बनचा साधारण निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, उरलेल्यातला बराचसा बारीक होऊन विष्ठेतून बाहेर पडतो. काम अळीचं एकटीचं नाही, तिच्या आतड्यातल्या जिवाणूंचं आहे. अळ्यांना प्रतिजैविक देऊन ते जिवाणू मारल्यावर त्यांना थर्माकोल पचवता येईना. म्हणजे दात अळीचे, पचन भाडेकरूंचं.

ताई, तुमच्या मखराचं वजन किती?

गॅलरीतली_चिमणी

किचनच्या काट्यावर तुकडे करून मोजलं. अर्धा किलो. (सासूबाईंनी विचारलं काय मोजतेस, म्हटलं रद्दी.)

देशी_ओव्हरसीज

५०० ग्रॅम म्हणजे ५ लाख मिलिग्रॅम. १०० अळ्या रोज ३६ मिलिग्रॅमच्या हिशेबाने अंदाजे अडतीस वर्षं घेतील. १००० अळ्या असल्या तर पावणेचार वर्षं, तेही मधे कोष न करता सलग खात राहिल्या तर. राहत नाहीत.

खवट_आजोबा

तोवर लेकीच्या लेकीचं प्रदर्शन येईल.

संत्र्याचा_बाप (नागपूर)

अवांतर पण कामाचं. तुम्ही पुण्याचे लोक नशीबवान बाप्पा. मीलवर्मला २५ ते २८ अंश सगळ्यात मानवतं. आमच्याकडे मे महिन्यात ४५. पहिल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या खोलीत ठेवले होते, दुपारी पाहिलं तर सगळे वर येऊन पसरलेले, संध्याकाळपर्यंत गेले. दुसऱ्या वर्षी कूलरच्या खोलीत ठेवले, तर दमट हवेने कोंड्याला बुरशी. आता खालच्या मजल्यावर, माठाशेजारी जमिनीवर. कूलरच्या झोतात नाही.

आणि घेताना नीट पाहून घ्या. दुकानदार सुपरवर्म (ही वेगळीच जात) हातात देतो आणि म्हणतो मीलवर्मच आहेत, जरा मोठे. मीलवर्म पूर्ण वाढलेली अळी इंचभर. सुपरवर्म त्याच्या जवळजवळ दुप्पट, टोकं काळसर, आणि चावतो पण. सुपरवर्म गर्दीत कोषच करत नाही, एकेक वेगळ्या डबीत ठेवावा लागतो. नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये. फ्रिजमध्येही तो मरतो. मीलवर्म मात्र फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात बरेच दिवस झोपून राहतात, फिंचला पुरवून पुरवून द्यायला सोयीचं. आठवड्यातून एकदा दिवसभर बाहेर काढून गाजर खाऊ घालायचं, परत आत.

गॅलरीतली_चिमणी

फ्रिजमध्ये??? सासूबाईंना अजून डब्याचंच सांगितलं नाहीये.

मत्स्यप्रेमी_ठाणे

सुपरवर्मही थर्माकोल खातात बरं का. क्वीन्सलँड विद्यापीठाने २०२२ मध्ये तीन आठवडे नुसत्या थर्माकोलवर ठेवून पाहिले. जगले, किंचित वजनही वाढलं, पण आतड्यातले जिवाणू बिघडले. नुसतं थर्माकोल म्हणजे उपासाच्या दिवशी नुसत्या वेफर्सवर राहण्यातला प्रकार. मीलवर्मच्या बाबतीतही सोबत थोडा कोंडा दिला तर त्या थर्माकोल जास्त खातात, असं नंतरच्या प्रयोगांत दिसलं. लेकीला सांगा, उपाशी ठेवून जास्त खातील हा समज काढून टाक.

कोंडाबाई

आणि पॅकिंगचं किंवा बांधकामातलं थर्माकोल नको, त्यात आग लवकर पकडू नये म्हणून घातलेली रसायनं असू शकतात. मखराचा पांढरा तुकडाच घ्या, वरचा सोनेरी रंग आणि चकचक खरवडून.

प्रदर्शनासाठी तीन छोटे डबे करा. प्रत्येकात मोजून १०० अळ्या. एकात कोंडा, एकात थर्माकोल, एकात थर्माकोल आणि चमचाभर कोंडा. तिन्हींत गाजर सारखंच. थर्माकोलचा तुकडा आधी आणि नंतर वजन करायचा, पण ब्रशने विष्ठा झटकून. किचनच्या काट्यावर हे होणार नाही, कारण १०० अळ्यांनी महिनाभर खाल्लं तरी जेमतेम एक ग्रॅम. ओळखीच्या सराफाकडे जा.

अंडीवाला_दापोली

पावसाळ्याबद्दल कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो. कोकणात चार महिने हवा पिळून काढावी अशी असते, आणि मीलवर्मचा खरा शत्रू बुरशीपेक्षा धान्यातली गोचीड-कोळी जातीतली बारीक कीड आहे. डब्याच्या कडेला भुरकट धूळ बसलीय असं वाटतं. बोटाने पुसायला जावं तर धूळ चालते. एकदा झाली की कोंडा फेकून, डबा उन्हात तापवून, अळ्या चाळून नव्याने सुरुवात, दुसरा इलाज मला सापडला नाही. म्हणून जून ते सप्टेंबर गाजर फक्त सकाळी, तेही तासा-दोन तासांनी उरलेलं काढून टाकायचं. काकडी, कलिंगड अजिबात नको. गाजर कोंड्यात पुरायचं नाही, वरच ठेवायचं. डबा गॅलरीत नको, घरात.

वास म्हणाल तर कोरड्या डब्याला भाजलेल्या पिठासारखा हलका वास येतो. आंबूस किंवा उग्र आला तर आत काहीतरी सडलंय. भुंगेरे चिडले की मात्र थोडा झोंबणारा वास सोडतात.

गॅलरीतली_चिमणी

भुंगेरे?

अंडीवाला_दापोली

ताई, अळी म्हणजे बालपण. :) पुढे कोष, मग भुंगेरा. कोष पांढरट, खात नाही, चालत नाही, हात लावला तर शेपूट हलवतो. एक ते तीन आठवड्यांत त्यातून पांढरा भुंगेरा निघतो, तो तांबूस होत होत काळा पडतो. मुलांना हाच रंग बदलताना बघायला सगळ्यात आवडतं. पंख असतात पण उडत नाही म्हणा ना. दोन-तीन महिने जगतो. मादी काही शे अंडी घालते.

कोष दिसले की वेचून वेगळ्या डबीत. अळ्या आणि भुंगेरे दोघेही त्यांना खातात, पाणी कमी पडलं तर नक्कीच. आणि भुंगेरे दर दोन-तीन आठवड्यांनी नव्या कोंड्यात हलवा. जुना कोंडा टाकू नका!! त्यात अंडी चिकटलेली असतात, डोळ्याला सहज दिसत नाहीत. मी पहिला डबा ‘रिकामा’ म्हणून उकिरड्यावर ओतला होता. कोंबड्यांनी पंधरा दिवस तिथून पाय काढला नाही.

फिंचवाली_मिरज

फिंचचं माझ्याकडून. पिल्लं निघाली की आईबापांना रोज थोड्याच द्या, नुकतीच कात टाकलेली पांढरी मऊ अळी निवडून. कडक कवचाच्या मोठ्या अळ्या नकोत. मीलवर्ममध्ये चरबी बरीच आणि फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच कमी. समुद्रफेस पिंजऱ्यात हवाच. देण्याआधी दिवसभर अळ्यांना पालेभाजी, गाजर खाऊ घाला, म्हणजे तेही पक्ष्याच्या पोटात जातं. आणि ‘अळी जिवंत गिळली तर पोट फाडून बाहेर येते’ हे सोसायटीत कुणीतरी सांगेलच. खोटं आहे.

देशी_ओव्हरसीज

तुमच्या घरात कुणाला कोळंबीची किंवा धुळीची ॲलर्जी आहे का? असेल तर सांभाळून. मीलवर्मची प्रथिनं कोळंबीच्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. युरोपियन युनियनने २०२१ मध्ये वाळवलेल्या पिवळ्या मीलवर्मला माणसाचं अन्न म्हणून मान्यता दिली, तेव्हा पाकिटावर ही सूचना लिहिणं बंधनकारक केलं. चाळताना विष्ठेची बारीक धूळ उडते, तोंडाला रुमाल बांधा आणि खिडकीपाशी चाळा.

खवट_आजोबा

माणसाचं अन्न?

देशी_ओव्हरसीज

हो आजोबा. भाजलेल्या खाल्ल्यात. शेंगदाण्याच्या फोलपटाच्या जवळपास.

खवट_आजोबा

फोलपट कशाला खायचं, शेंगदाणेच खा की.

गॅलरीतली_चिमणी

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला कोळंबीने अंगावर गांध्या उठतात, त्यामुळे चाळायचं काम माझं. ५० ग्रॅम घेतल्या, मोजल्या तर पाचशेच्या आसपास. दोन डबे केलेत, एकावर लेकीने ‘खाऊ’ लिहिलंय आणि दुसऱ्यावर ‘शास्त्रज्ञ’.

*(तीन महिन्यांनी)*

गॅलरीतली_चिमणी

धागा वर काढतेय, कारण तुम्हाला हिशेब द्यायचा राहिलाय.

जुलैत अंडीवाल्या दादांची ती चालणारी धूळ ‘खाऊ’ डब्यात आलीच. मी गाजर रात्रभर ठेवलं होतं, चूक माझीच. सगळं पुन्हा केलं. फिंचची तीन पिल्लं उडाली, आईबाप आता मला बघितलं की पिंजऱ्याच्या दाराशी येतात. माझ्यावर नाही, वाटीवर प्रेम आहे.

प्रदर्शनात कोंडाबाईंचे तीन डबे मांडले. सराफकाकांनी दोनदा वजन करून दिलं, पैसे घेतले नाहीत, मात्र अळ्या दुकानात आणायच्या नाहीत या अटीवर. २१ दिवसांत नुसत्या थर्माकोलच्या डब्यात ०.४१ ग्रॅम गेलं, कोंडा घातलेल्यात ०.६२. परीक्षकांनी विचारलं, म्हणजे या अळ्या शहराचं थर्माकोल संपवतील का? लेकीने अडतीस वर्षांचं गणित सांगितलं. ते तिचं तोंडपाठ आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते.

सासूबाईंना कळलं ते भलत्याच वेळी, एक भुंगेरा देवघरात सापडला तेव्हा. अर्धा तास बोलल्या. आता कोष वेचायचं काम त्याच करतात, निवडण-टिपण करायला त्यांच्याइतकी नजर कुणाची नाही. तांदळातले खडे वेचावेत तसे वेचतात.

कोंडाबाई

वा! शास्त्रज्ञ डब्यातल्या अळ्यांचं काय केलंत? फिंचला नाही ना दिल्या?

गॅलरीतली_चिमणी

नाही नाही. त्या तशाच आहेत, लेकीच्या टेबलावर. आता कोंड्यावर ठेवल्यात, बऱ्याच जणांचे भुंगेरे झाले. एकाचं नाव गोट्या आहे, पण कोणता ते तिलाच माहीत.

खवट_आजोबा

आणि मखर?

गॅलरीतली_चिमणी

यंदाही माळ्यावरून काढलं, चिकटवलं, झटकलं आणि लावलं. प्रयोगासाठी कापलेल्या कोपऱ्यात भोक आहे, तिथे झेंडू खोचलाय.