काँक्रीट कापायचा पेट्रोल कटर गरम झाल्यावर बंद पडतो : कार्बोरेटर बदलावा का?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे ३५० मिमी चकतीचा, सुमारे ६७ सीसी टू-स्ट्रोक इंजिनाचा, हातात धरून चालवायचा पेट्रोल कटर आहे. नळजोडणीसाठी गावठाणातले सिमेंटचे रस्ते कापणे, गटारांचे काठ सरळ करणे आणि अधूनमधून आरसीसी पाइप तोडणे अशी कामे त्याच्यावर चालतात. अलीकडे तो सकाळी थंड असताना व्यवस्थित सुरू होतो, पण दहा-पंधरा मिनिटे कापल्यानंतर भार पडताच मान टाकतो आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. दोरी ओढताना पूर्वी हाताला जो जोर जाणवत असे, तोही आता कमी झाला आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या एका मेकॅनिकने यंत्र न उघडताच कार्बोरेटर बदलावा लागेल असे सांगितले. प्लग आणि टाकीतला पेट्रोल फिल्टर नवीन आहेत. एअर फिल्टर कामगार रोज संध्याकाळी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा मारून साफ करतात. पाण्याची सोय नसेल तेथे आम्ही कोरडेच कापतो. कार्बोरेटरचा खर्च करण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

जुना फिटर यांचे उत्तर

कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन निर्माण करतो तो दाब, मोजा. दोरी हलकी झाली आहे आणि इंजिन गरम झाल्यावर सुरू होत नाही, ही दोन लक्षणे एकत्र आली की माझा पहिला संशय पिस्टन आणि रिंगांवर जातो. प्लगच्या जागी गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि आकडा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. मात्र त्या वेळी डीकंप्रेशनचे (दोरी सहज ओढता यावी म्हणून दाब सोडणारे) बटण दाबलेले नाही याची खात्री करा, नाहीतर चांगले इंजिनही मेलेले वाटेल. या आकाराच्या चांगल्या इंजिनात साधारण १३० ते १६० पीएसआय दाब मिळतो. तो १०० च्या खाली उतरला असेल, तर कार्बोरेटर बदलून काहीही साधणार नाही.

त्यानंतर सायलेन्सर काढा. त्याच्या भोकातून पिस्टनची धूर बाहेर पडणारी बाजू दिसते. तेथे उभे, चमकदार ओरखडे असतील आणि रिंग खाचेत चिकटलेली असेल, तर ऑइल कमी पडल्यामुळे किंवा कुठून तरी जादा हवा शिरल्यामुळे इंजिन तापले, असे समजावे. मग कार्बोरेटर सोडवून दुसरी बाजू पाहा. या बाजूला पिस्टनच्या अंगावरच्या मूळच्या बारीक आडव्या रेषा पुसल्या जाऊन तो राखाडी आणि निस्तेज झाला असेल, तर तो धुळीने खाल्ला आहे. सिमेंटची भुकटी ऑइलमध्ये मिसळली की तिचा पॉलिशपेपरसारखा लेप तयार होतो आणि प्रत्येक फेऱ्यात तो पिस्टन झिजवत राहतो. थंड असताना घट्ट ऑइलमुळे ती फट कशीबशी भरून निघते. गरम झाल्यावर ऑइल पातळ होते, दाब गळतो आणि यंत्र सुरू होत नाही.

आपण सांगितलेल्या गोष्टींपैकी मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कॉम्प्रेसरच्या हवेची. कागदी फिल्टरवर तशी हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात, आणि फिल्टर वरून स्वच्छ दिसत असतानाच आतून धूळ सोडू लागतो. बहुतेक नव्या कटरांचा मुख्य कागदी फिल्टर साफ करण्यासाठी नसतोच. इंजिनाची ताकद जाणवण्याइतकी कमी झाली की तो बदलायचा असतो. जुन्या रचनेतला स्पंजचा बाहेरचा थर धुता येतो, तोही आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत तसे लिहिले असेल तरच.

सह्याद्री टूल्स यांचे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे, तरी दोन सोप्या शक्यता आधी बाजूला काढाव्यात. यंत्र बंद पडताक्षणी पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि यंत्र लगेच सुरू झाले, तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत येण्याचे छिद्र, धुळीने बुजला आहे. तसे न झाल्यास गरम इंजिनावरच प्लगची ठिणगी तपासा. काही कॉइल (प्लगला वीज पुरवणारा भाग) थंड असताना उत्तम काम करतात आणि तापल्या की ठिणगी देत नाहीत. प्लगमधले अंतर ०.५ मिमी असावे.

पेट्रोलकडेही लक्ष द्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर हाताने जुळवायच्या कार्बोरेटरच्या अनेक यंत्रांची पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि कार्बोरेटरमधले रबरी पडदे कडक करते, म्हणून पेट्रोल-ऑइलचे मिश्रण त्या त्या आठवड्यापुरतेच करा आणि पावसाळ्यात यंत्र ठेवून द्यायचे असेल तर टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. ऑइलचे प्रमाण बहुतेक यंत्रांना ५० ला १, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली असते. ते मापाने घाला. बाटलीच्या झाकणाचा अंदाज येथे चालत नाही.

कृष्णाकाठ

आपणा दोघांचे मनापासून आभार. झाकण सैल करून काही फरक पडला नाही आणि गरम असताना ठिणगी चांगली आहे. कॉम्प्रेशन ९० च्या आसपास भरले. सायलेन्सरकडची बाजू बरी आहे, परंतु कार्बोरेटरकडची बाजू आपण वर्णन केली तशीच राखाडी झालेली आहे. फिल्टरच्या आतल्या, इंजिनाकडच्या भागात पांढरे फडके फिरवले तेव्हा त्याच्यावर सिमेंटचा स्पष्ट पट्टा उमटला. आता ब्लॉक बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) ओव्हरसाइज पिस्टन बसवता येईल का, असा विचार करीत आहे.

जुना फिटर

बोअर करू नका. या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर निकेलचा अत्यंत पातळ आणि कठीण मुलामा असतो. जुन्या स्कूटरच्या बिडाच्या ब्लॉकप्रमाणे तो लेथवर कापला, तर खालचे मऊ ॲल्युमिनियम उघडे पडेल आणि नवा पिस्टन फार काळ टिकणार नाही. भिंतीवरून नख फिरवा. ओरखडा नखाला लागत नसेल आणि मुलामा कुठेही उडालेला नसेल, तर पिस्टन आणि रिंगा बदलून भागेल. अन्यथा सिलिंडर-पिस्टनचा पूर्ण संच घ्यावा.

संच बसवण्यापूर्वी खालचा भाग तपासणे तितकेच आवश्यक आहे, कारण जी धूळ पिस्टनपर्यंत गेली ती क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगमधूनच गेलेली असते. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून ढिलाई जाणवते का ते पाहा, क्रँक फिरवताना खरखर येते का ते ऐका आणि क्रँककेस स्वच्छ पेट्रोलने धुऊन वाळवा. ऑइल सील आणि कार्बोरेटरमागचा रबरी नळकांडा नवा घाला. शेवटी सगळी तोंडे बंद करून ०.५ बार दाब द्या आणि तो किमान २० सेकंद टिकतो का ते पाहा. मग तीच चाचणी व्हॅक्यूमवर, म्हणजे आतली हवा ओढून, करा. सीलची एखादी कड दाबाखाली धरते आणि ओढीखाली सोडते, म्हणून दोन्ही चाचण्या कराव्यात. एवढे केल्यानंतर कार्बोरेटर जुळवताना आरपीएम (मिनिटाला फेरे) मोजणारा मीटर वापरा, कारण केवळ आवाजावर विसंबले तर पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होऊन नवा पिस्टन पहिल्याच आठवड्यात तापू शकतो.

सह्याद्री टूल्स

कोरडे कापणे थांबवल्याशिवाय हा खर्च पुन्हा येईल. हाताने पंप मारून दाब देता येणारी पाण्याची टाकी मिळते आणि गावातल्या कामाला ती पुरते. चकतीच्या दोन्ही बाजूंना पाण्याची धार लागली की धूळ उडण्याआधीच गाळ होऊन खाली पडते. काम संपल्यावर पाणी बंद करून चकती काही सेकंद मोकळी फिरवा, म्हणजे तिच्यावरचे पाणी उडून जाईल.

आणि हा केवळ यंत्राचा प्रश्न नाही. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत, त्याची नोंद होती. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या २०१६ च्या नियमात हातातल्या अशा कटरला सतत पाणी द्यायला सांगितले आहे आणि बंदिस्त जागेत पाण्याबरोबर श्वसनसंरक्षक मुखवटाही. कापडी रुमाल त्या धुळीला अडवत नाही. कामगारांना किमान एन-९५ दर्जाचा, चेहऱ्याला नीट बसणारा मुखवटा द्या.

वेल्डर मिरज

चकतीबद्दल एक मुद्दा राहिला आहे. लोखंड कापायच्या टेबलावरच्या चॉप सॉची १४ इंची चकती बाजारात स्वस्त मिळते आणि आरसीसी पाइपच्या सळया कापताना अनेक जण तीच पेट्रोल कटरला लावतात. तिच्यावर कडेच्या वेगाची बहुधा ८० मीटर प्रति सेकंद, म्हणजे सुमारे ४,४०० आरपीएमची मर्यादा छापलेली असते, तर हा कटर रिकामा फिरताना त्यापेक्षा जास्त वेग घेतो. हातातल्या पेट्रोल कटरसाठी १०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ३५० मिमी व्यासाला सुमारे ५,४०० आरपीएमची चकतीच हवी. ती लावताना लेबलावरचा आकडा आणि मधल्या भोकाचे माप दोन्ही वाचा. भोक मोठे असेल तर वॉशर किंवा पत्रा कोंबून ते भरू नका. इंजिन नवे झाल्यावर वेग पुन्हा पूर्ण मिळेल, तेव्हा जुन्या चकत्यांचा साठा एकदा तपासून घ्या.

कृष्णाकाठ

साठ्यात ८० ची लेबले असलेल्या काही चकत्या सापडल्या. त्या कामावरून काढून ठेवल्या आहेत. सिलिंडरच्या भिंतीला नख लागते, त्यामुळे पूर्ण संच, दोन्ही सील, रबरी नळकांडा आणि मूळ कंपनीचा फिल्टर मागवत आहे. पाण्याची टाकी आजच घेतली.