मासे खाणारे ओर्का हिवाळ्यात काय खातात?

गोदाकाठ (पंचवटी, नाशिक)
नमस्कार. आमच्या वाचनगटात सध्या सागरी सस्तन प्राण्यांचा विषय चालू आहे. अमेरिका व कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘सदर्न रेसिडेंट’ नावाच्या समूहातील ओर्का (किलर व्हेल) चिनूक या साल्मन माशाच्या जातीवरच जगतात, असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. साल्मन तर ठरावीक हंगामात नद्यांकडे परततो. मग उरलेल्या महिन्यांत हे प्राणी काय खातात आणि अभ्यासकांना ते कळते कसे?

सह्यकडा
यातला ‘च’ काढून टाकला, तर विधान बरेचसे खरे आहे. मे ते सप्टेंबर या काळात (तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला जवळजवळ सगळा पावसाळा) अमेरिका-कॅनडा सीमेजवळच्या सॅन हुआन बेटांभोवती त्यांच्या आहारात सुमारे ८० टक्के चिनूक असतो आणि त्यातला बराचसा कॅनडातील फ्रेझर नदीकडे निघालेला असतो. उन्हाळा सरता सरता कोहो या दुसऱ्या जातीच्या साल्मनचा वाटा वाढतो. पुढे शरदात हे कळप प्युजेट साउंड या जमिनीत शिरलेल्या खाडीसारख्या भागात येतात, तेव्हा चिनूक निम्म्यावर येतो आणि त्याची जागा चम (साल्मनचीच आणखी एक जात) व कोहो घेतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ऐन हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी, खुल्या (थेट महासागराला लागून असलेल्या) किनाऱ्यावर, चिनूक पुन्हा ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जातो. सोबत स्टीलहेड, लिंगकॉड, हॅलिबट असे मासेही आढळतात.

ओर्का मोठा मासा बहुधा फाडून आपसांत वाटून खातात, त्यामुळे खवले आणि मांसाचे तुकडे पाण्यात राहतात. मागून जाणाऱ्या होडीतील अभ्यासक ते जाळीने उचलतात, तरंगणारी विष्ठाही गोळा करतात आणि डीएनएवरून माशाची जात ठरवतात. चिनूक असेल तर तो कोणत्या नदीचा, हेही बऱ्याचदा कळते. हिवाळ्यात समुद्र खवळलेला आणि दिवस लहान, त्यामुळे त्या काळातील नमुने उन्हाळ्यापेक्षा फारच कमी आहेत. हिवाळ्याचे आकडे वाचताना ही मर्यादा विसरू नये.

नांदूरकर
फ्रेझरमध्ये सॉकाय साल्मन काही वर्षी कोटींच्या संख्येने येतो. समोर एवढे अन्न असताना ओर्का तिकडे फारसे वळत का नाहीत?

सह्यकडा
चिनूक हा साल्मनांमध्ये सर्वांत मोठा आणि चरबीने समृद्ध, म्हणजे एका शिकारीत मिळणारी ऊर्जा जास्त. शिवाय सॉकाय आयुष्याचा मोठा भाग खोल महासागरात घालवून काही आठवड्यांसाठीच किनाऱ्याजवळ येतो, तर चिनूक किनाऱ्यालगत वर्षभर सापडतो. पिल्ले आईकडून शिकार शिकतात, म्हणून काहीजण याला कळपाची परंपरा म्हणतात. माझ्या मते मूळ कारण ऊर्जेचे गणित हेच असावे, परंपरा त्यावर उभी राहिली.

गोदाकाठ
आभारी आहे. म्हणजे चिनूक घटला, तरी चम आणि कोहो यांवर त्यांचे भागेल, असे समजावे का?

सह्यकडा
नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात चिनूकची संख्या घसरली, तेव्हा या ओर्कांमधील मृत्यूही वाढले; १९९५ मध्ये ९८ असलेली त्यांची संख्या २००१ पर्यंत ८० च्या आसपास आली. इतर मासे तेव्हाही समुद्रात होतेच. केवळ फ्रेझर सुधारूनही पुरणार नाही, कारण खुल्या किनाऱ्यावर त्यांनी खाल्लेल्या चिनूकपैकी निम्म्याहून अधिक मासे आणखी दक्षिणेकडील कोलंबिया नदीच्या खोऱ्यातले निघाले.