स्वित्झर्लंडच्या सहलीत वडिलांना हृदयविकाराचा झटका : व्हिसा, विमा आणि परतीच्या प्रवासाबद्दल मार्गदर्शन हवे

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. बर्नमधील एका रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात बसून हे लिहीत आहे. आई, बाबा (वय 68), माझा नऊ वर्षांचा मुलगा आणि मी असे चौघे नाशिकहून एका गटासोबत युरोपच्या सहलीला आलो. मंगळवारी युंगफ्राउयोखला, म्हणजे 3,454 मीटर उंचीवर, जाऊन आलो. वर बाबांना थोडी धाप लागली होती, पण ती विरळ हवेमुळे असेल असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. त्याच रात्री इंटरलाकनच्या हॉटेलात त्यांना दरदरून घाम फुटला आणि छातीतून जबड्यापर्यंत कळ जाऊ लागली. हॉटेलच्या कर्मचाऱ्याने तत्काळ 144 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली, बाबांना बर्नला हलवण्यात आले आणि पहाटेपर्यंत अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. आज शुक्रवार. बाबा बोलतात, थोडे खातात, मात्र मला पाहिले की पहिला प्रश्न खर्चाचाच विचारतात.

गट काल इटलीकडे रवाना झाला. आईला इथली भाषा येत नाही आणि ती बाबांच्या खाटेजवळून हलायला तयार नाही. आमचा शेंगेन व्हिसा येत्या बुधवारी संपतो, तेव्हा त्याचे काय करावे? दुसरी अडचण विम्याची आहे. बाबा आठ वर्षांपासून रक्तदाबाची गोळी घेतात, परंतु विम्याचा अर्ज एजंटाने भरला आणि त्यात कोणताही आजार नाही असे लिहिले गेले, हे मला काल पॉलिसी उघडली तेव्हा कळले. आता विमा कंपनी जुनी कागदपत्रे मागत आहे. आणि बाबांना विमानाने घरी केव्हा व कसे न्यावे, हे कोणाला विचारावे तेच कळत नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

आरेकाठ

ताई, मी बर्नजवळच राहते. प्रथम व्हिसाचे सांगते, कारण त्याला मुदत आहे. आजारपणामुळे ठरलेल्या दिवशी परतता येत नसेल, तर शेंगेन नियमांनुसार व्हिसाची मुदत वाढवून मिळते आणि अशा अपरिहार्य कारणासाठी शुल्क आकारले जात नाही. मात्र व्हिसा संपण्यापूर्वीच इथल्या स्थलांतर कार्यालयात अर्ज पोहोचला पाहिजे, आणि तो चौघांचाही स्वतंत्र हवा. रुग्ण प्रवास करू शकत नाही, असे डॉक्टरांचे तारखेसह पत्र, चौघांचे पासपोर्ट, वाढीव दिवसांचा विमा आणि नवे परतीचे आरक्षण जोडा. शनिवार-रविवारी कार्यालये बंद असतात, म्हणून पत्र आजच मागा. बर्नमधील भारतीय दूतावासालाही कळवून ठेवा. ते बिल भरत नाहीत, पण पुढे कागदोपत्री अडचण आली तर तुमची नोंद त्यांच्याकडे असणे उपयोगी पडते.

रुग्णालयाकडून तुम्हाला ‘कोस्टेनगुटश्प्राखं’ हा शब्द वारंवार ऐकू येईल. खर्च आम्ही देऊ, अशी विमा कंपनीची लेखी हमी म्हणजे हा कागद. तो आला नाही तर परदेशी रुग्णाकडून आगाऊ रक्कम मागितली जाते. त्याने घाबरून जाऊ नका. रुग्णालयाच्या ‘सोझियालडीन्स्ट’ म्हणजे समाजसेवा विभागात जाऊन परिस्थिती मोकळेपणाने सांगा. नातेवाइकांच्या स्वस्त निवासाची माहितीही तिथेच मिळू शकते. मुलाला दिवसभर रुग्णालयात बसवून ठेवू नका. उद्या आमच्याकडे पाठवा, माझी मुलगी त्याच्याच वयाची आहे. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवला आहे. आईंसाठी वरण-भात घेऊन संध्याकाळी मीही येते.

क्षितिज

माझ्या काकांना बँकॉकमध्ये असाच झटका आला होता, आणि आम्ही त्यांना चौथ्या दिवशी विमानात बसवून मुंबईला आणले. परदेशात प्रत्येक दिवसाचा खर्च अंगावर येतो. डॉक्टर सोडत असतील तर व्हिसाच्या मागे न लागता लवकर परत यावे, असे मला वाटते.

स्पंदन

मी पुण्यात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. क्षितिज यांचे काका सुखरूप आले याचा आनंद आहे, पण हा सल्ला सरसकट देऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. विमानाच्या केबिनमधील हवेचा दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरील हवेइतका असतो, म्हणजे रक्तातील प्राणवायू काहीसा उतरतो, आणि नुकत्याच दुखावलेल्या हृदयाला आठ-नऊ तास ते सोसावे लागते. गुंतागुंत नसेल, हृदयाची आकुंचनक्षमता चांगली असेल आणि दुसरी रक्तवाहिनी अडलेली नसेल, तर काही रुग्ण लवकरही प्रवास करू शकतात. परंतु सात ते दहा दिवस थांबणे हा सुरक्षित ठोकताळा आहे. अंतिम निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आणि विमान कंपनीच्या वैद्यकीय विभागाचा. त्यासाठी ‘मेडिफ’ नावाचा अर्ज असतो, त्याचा अर्धा भाग डॉक्टर भरतात. झुरिकहून मुंबईला थेट विमान आहे, तेच घ्या, आणि व्हीलचेअर आधीच नोंदवा.

निघताना इंग्रजीतील डिस्चार्जचा अहवाल, अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटचे कार्ड मागून घ्या. अ‍ॅस्पिरिन आणि सोबत दिलेली रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी एक दिवसही चुकता कामा नये. नवा स्टेंट गुठळीने बंद होण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो. गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, सामानात टाकू नका.

आणि युंगफ्राउयोखला नेले म्हणून स्वतःला दोष देऊ नका. उंचीचा ताण पडतो हे खरे, पण रक्तवाहिनीतला अडथळा एका दिवसात तयार होत नाही.

दावेदार

विमा दाव्यांचे काम मी अनेक वर्षे केले आहे. तुमच्या प्रश्नातील सर्वांत नाजूक भाग रक्तदाबाचा आहे. काहीही लपवू नका. बाबांनी रुग्णालयात दाखल होताना आपल्या गोळ्या सांगितल्याच असतील आणि ती नोंद कंपनीकडे जाणारच आहे. कंपनीला आजच लेखी कळवा की गोळी चालू होती, अर्ज एजंटाने भरला आणि त्यातील उत्तर कुटुंबाला ठाऊक नव्हते. एजंटासोबतचे जुने संदेश असतील तर ते जपून ठेवा. त्याला तोंडी माहिती दिली होती, हे दाखवणारी एक ओळही मोलाची ठरते.

त्यानंतर पॉलिसीतील अपवाद वाचा. आधीपासूनचा आजार वगळलेला असला, तरी जीव वाचवण्यासाठी केलेल्या तातडीच्या उपचाराचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत देणारे कलम अनेक प्रवास पॉलिसींत असते. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचे संरक्षण लागते आणि त्यात वैद्यकीय कारणाने मायदेशी परतण्याचा खर्चही धरलेला असतो, म्हणून परतीच्या तिकिटांबाबतही आधी लेखी मंजुरी मागा. फोनवर मिळालेले कोणतेही उत्तर ईमेलवर मागून घ्या.

दावा नाकारला गेला, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. नाशिककरांसाठी पुण्याचे कार्यालय आहे. पैसे भारतातून पाठवावे लागले तर भावंडांनी बँकेत ‘परदेशात वैद्यकीय उपचार’ हेच प्रयोजन नोंदवावे आणि रुग्णालयाचा खर्चाचा अंदाज सोबत जोडावा.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांचे पत्र शुक्रवारीच मिळाले, सोमवारी चौघांचे अर्ज दिले आणि त्यांची पोच आली. विमा कंपनीला सर्व खरे लिहून कळवले. तातडीच्या उपचाराच्या कलमाखाली काही रकमेची हमी त्यांनी रुग्णालयाला पाठवली आहे, उरलेल्या रकमेबद्दल अजून निर्णय नाही. एजंटाला बाबांच्या गोळीचे नाव पाठवलेला माझ्या भावाचा संदेश सापडला, तोही पाठवला आहे.

स्पंदन यांचा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. लवकर निघण्याचा त्यांचा आग्रह तेव्हा थांबला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तपासणी आहे आणि त्यानंतर डॉक्टर मेडिफचा अर्ज भरणार आहेत. मुलगा दोन दिवस आरेकाठ यांच्या घरी होता. काल आईनेही पहिल्यांदाच रुग्णालयाबाहेर येऊन त्यांच्याकडे पोटभर जेवण केले.