पेरीची टॅपेस्ट्री आणि जॅकार्ड: ‘महागडा पडदा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

उभाआडवा: ‘ब्रिटिश कलाकार ग्रेसन पेरीची “द व्हॅनिटी ऑफ स्मॉल डिफरन्सेस” ही टॅपेस्ट्री-मालिका म्हणजे कॉम्प्युटरवरून विणून घेतलेला महागडा पडदा,’ असं कालच्या पोस्टमध्ये वाचलं. राहवलं नाही. २०१२ ची ही सहा कामं, प्रत्येक २ मीटर बाय ४ मीटर. त्यांतल्या गोष्टीत इंग्लंडमधल्या संडरलंडमध्ये जन्मलेला टिम रेकवेल सामाजिक वर्गाच्या पायऱ्या चढत शेवटी फेरारीच्या अपघातात मरतो. सांगाडा अठराव्या शतकातल्या इंग्लिश चित्रकार हॉगार्थच्या ‘अ रेक्स प्रोग्रेस’ या चित्रमालिकेचा. पहिल्या चित्रात केज फायटर (पिंजऱ्यात झुंजणारे मल्ल) बाळ टिमला फुटबॉलचा शर्ट आणि खाणकामगाराचा दिवा भेट देतात. रचना इटालियन चित्रकार मांतेन्याच्या, बाळ येशूला वंदन करणाऱ्या मेंढपाळांच्या चित्राची. याला पडदा म्हणायचं?

काठपदर: चित्र उत्तमच आहे, वाद विणकामाचा आहे. टॅपेस्ट्रीत आडवा धागा त्या रंगाच्या हद्दीपुरताच जाऊन परत फिरतो. जॅकार्डवर, म्हणजे नक्षीचे धागे यंत्रणेने उचलणाऱ्या मागावर, तो या काठापासून त्या काठापर्यंत जातो, नको तिथे मागे दडतो. तंत्रच वेगळं, मग नाव तेच का?

येवलेकर: अगदी! खऱ्या पैठणीचा पदर टॅपेस्ट्रीच असतो. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून वळवायची. म्हणून उलट बाजूलाही मोर तसाच स्वच्छ दिसतो. जॅकार्डच्या सेमी पैठणीत मागे धागे लोंबतात, अंगठीत अडकून ओढले जातात, आणि ते कापले की नक्षीच सैल पडते. तरी दुकानात बिनदिक्कत ‘पैठणी’ म्हणून खपवतात. विणकराच्या पोटावर पाय येतो हो!

उभाआडवा: येवलेकर, तो प्रश्न खरा आहे, पण इथला नाही. तिथे गिऱ्हाइकाची फसवणूक होते. पेरीने जॅकार्ड कधी लपवलं? आणि राफाएलने तरी कुठे विणलं? रोमच्या सिस्टिन चॅपेलमधल्या टॅपेस्ट्रींसाठी त्याने कार्टून, म्हणजे पूर्ण आकाराची नमुनाचित्रं काढली, विणली ब्रुसेल्सच्या कारागिरांनी.

काठपदर: हाताने विणली! आणि जॅकार्ड म्हणजे बटण दाबून मोकळं, असंही कोणी समजू नये. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचा लाल तसाच लाल उतरत नाही; मोजक्या रंगांचे धागे वेगवेगळ्या विणीत मिसळून छटा जमवायची, आधी नमुना विणून पाहायचा. बारीक तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांची होते. धागा लांबवर सुटा राहिला तर मध्ये टाका द्यावाच लागतो, आणि त्याने रंग मळकट होतो.

उभाआडवा: म्हणजे त्यात कसब आहे, हे तुम्हीच सांगताय.

काठपदर: कसब आहे. टॅपेस्ट्री नाही.

ठसा: दोघंही विषय सोडून चाललात. हॉगार्थच्या मालिकेतला नायक टॉम बापाच्या पैशावर उधळतो, वेड्यांच्या इस्पितळात संपतो. तिथे दोष चारित्र्याचा. टिम स्वतः कमावतो. त्याला छळते ती अभिरुची, कोणता कप, कोणती भाजी, कोणता सोफा. आणि हॉगार्थने तरी मूळ चित्रांवर कुठे भागवलं? १७३५ मध्ये नक्कलविरोधी कायदा होईपर्यंत थांबून छापे विकले. म्हणजे यंत्रावर एकाच कामाच्या बहुप्रती निघतात म्हणून नाक मुरडू नका, त्या या परंपरेतच आहेत.

काठपदर: बहुप्रतींचं मान्य, नाइलाजाने. पण संग्रहालयाने पाटीवर ‘जॅकार्ड विणकाम’ लिहावं.

येवलेकर: आणि साडीच्या दुकानांनीही!