कॅलिफोर्नियाची पीए टेक्सासला जातेय: लायसन्स आलं की झालं का?

सोनचाफा:
बहीण सॅक्रामेंटोत फिजिशियन असिस्टंट (पीए, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली पेशंट तपासून उपचार करणारी) आहे, मुलांच्या मानसोपचार क्लिनिकमध्ये. ह्यूस्टनहून तशाच क्लिनिकची ऑफर आहे. एनसीसीपीएचं (पीएंना प्रमाणित करणारी राष्ट्रीय संस्था) सर्टिफिकेट चालू आहे, डीईए नंबरही (नियंत्रित औषधं लिहिण्यासाठीची केंद्राची नोंदणी) आहे. तिकडचे म्हणतात, टेक्सासचं लायसन्स आलं की झालं. खरंच एवढंच आहे का? तिचे निम्मे पेशंट एडीएचडीचे (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आहेत आणि त्यांची औषधं तीच लिहिते.

वडाची पारंबी:
एवढंच नाही. ऑफरवर सही करण्याआधी एडीएचडीचा प्रश्न सोडवून घ्या, खरी मेख तिथेच आहे. अ‍ॅडरॉल, रिटालिन, व्हायवान्स ही सगळी शेड्यूल टूची औषधं, म्हणजे लिहिता येणाऱ्या औषधांपैकी सर्वांत कडक नियंत्रणातली. कॅलिफोर्नियात डॉक्टरशी केलेल्या प्रॅक्टिस अ‍ॅग्रीमेंटमध्ये मुभा असली की पीए ती लिहू शकते. टेक्सासमध्ये पीएला शेड्यूल टू दोनच ठिकाणी लिहिता येतं. एक हॉस्पिटल, तेही पेशंट किमान २४ तासांसाठी दाखल असेल किंवा इमर्जन्सीत असेल तर. दुसरं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा. क्लिनिकमध्ये नाही, डॉक्टर कितीही राजी असला तरी. डीईएच्या नोंदणीत शेड्यूल टू असलं तरी उपयोग नाही, राज्याचा कायदा जितकं देतो तितकंच.

व्यवहारात होतं काय, की पीएने पाठवलेलं प्रिस्क्रिप्शन फार्मसी परत करते आणि आईबाप काउंटरवर अडकतात. शेड्यूल टूला रिफिलही (त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध) नसतो, त्यामुळे प्रत्येक वेळी डॉक्टरचं नवं प्रिस्क्रिप्शन लागतं. ते कोण लिहिणार, डॉक्टर रजेवर असला तर कोण, हे क्लिनिककडून लेखी घ्या. 'डॉक्टरच्या लॉगिनवरून पाठवत जा' असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणायचं. नियंत्रित औषधाचं ई-प्रिस्क्रिप्शन पाठवताना लागणारी दुहेरी ओळख (टू-फॅक्टर) ज्याची त्यानेच वापरायची असते.

ग्वानफेसिन, अ‍ॅटोमॉक्सेटिन नियंत्रित नाहीत, ती लिहिता येतील. शेड्यूल तीन ते पाच, म्हणजे क्लोनाझेपामसारखी कमी कडक नियंत्रणातली औषधं, रिफिल धरून ९० दिवसांपर्यंत. त्यापुढे रिफिल द्यायचा तर आधी डॉक्टरशी बोलून चार्टमध्ये (पेशंटच्या नोंदवहीत) तशी नोंद हवी. दोन वर्षांखालच्या बाळाला तर सुरुवातीलाच तसं करावं लागतं.

शाईपेन:
वरचं सगळं लागू व्हायला आधी प्रिस्क्रिप्टिव्ह अ‍ॅथॉरिटी अ‍ॅग्रीमेंट लागतं. नुसत्या लायसन्सवर क्लिनिकमध्ये साधं अँटिबायोटिकही लिहिता येत नाही. हा डॉक्टरने पीएला औषधं लिहिण्याचा अधिकार देण्याचा करार: लेखी, दोघांच्या सह्या आणि तारखेसह. कामाच्या जागा, कोणत्या प्रकारची औषधं चालतील किंवा चालणार नाहीत, सल्ला आणि रेफरलची पद्धत, तातडीच्या वेळी काय करायचं, चार्ट तपासणी आणि महिन्यातून किमान एक बैठक, हे सगळं त्यात यायला हवं. दरवर्षी तो पुन्हा पाहून सही करायची. टेक्सासच्या लायसन्स देणाऱ्या बोर्डाने मागितला तर तीन कामकाजी दिवसांत द्यावा लागतो, म्हणून प्रत स्वतःजवळही ठेवावी.

एक गोष्ट आवर्जून विचारा: त्या डॉक्टरच्या हाताखाली आधीच किती जण आहेत? पीए आणि नर्स प्रॅक्टिशनर मिळून पूर्णवेळ सातांइतकीच मर्यादा आहे. हॉस्पिटलमधल्या आणि वैद्यकीय सेवा अपुऱ्या असलेल्या भागातल्या कामाला ती लागू नाही, पण तुमचं क्लिनिक त्यात बसेलच असं धरू नका.

क्रम असा: बोर्डाकडे अर्ज, बोटांचे ठसे, राज्याच्या कायद्यावरची ज्युरिसप्रुडन्स परीक्षा आणि आजवर जिथे जिथे लायसन्स होतं त्या प्रत्येक राज्याचा दाखला. बहुतेक अर्ज या दाखल्यांपायी अडतात. जुनं, बंद झालेलं लायसन्सही धरतात. मग डॉक्टरचं सुपरव्हिजन बोर्डाकडे ऑनलाइन नोंदवायचं. डीईएचा पत्ता टेक्सासचा करून घेणं त्यानंतर, कारण तिथे राज्याचं लायसन्स आधी दाखवावं लागतं. कॅलिफोर्नियातलं काम सोडणार नसेल तर दोन राज्यांसाठी दोन वेगळ्या नोंदण्या.

कडुनिंब:
याच धाग्यात विचारतो. मामेभावाने पुण्यात एमबीबीएस केलंय. तो थेट पीएची परीक्षा देऊ शकेल का?

शाईपेन:
नाही. पीएची पॅन्स परीक्षा एआरसी-पीएची (पीए कोर्सना मान्यता देणारी अमेरिकी संस्था) मान्यता असलेला कोर्स पूर्ण केल्यावरच देता येते, आणि ती मान्यता फक्त अमेरिकेतल्या कोर्सना असते. एमबीबीएसला सूट नाही. भारतातल्या फिजिशियन असिस्टंटच्या बीएस्सीलाही नाही.

सोनचाफा:
सातांची मर्यादा आणि शेड्यूल टू, दोन्ही आजच विचारायला सांगते. करारात औषधांची एकेक नावं लिहावी लागतात का?

वडाची पारंबी:
नाही, प्रकार लिहिले तरी पुरतं. पण मुलांच्या क्लिनिकमध्ये क्लोनिडिनसारखं औषध कोणत्या प्रकारात धरायचं यावर पुढे वाद होतो. नेहमी लागणारी दहा-बारा नावं लिहूनच घ्या.