चाळीतला कांदा आणि साठेबाजी

भाव चढेपर्यंत कांदा दडवून ठेवणारा शेतकरीही व्यापाऱ्याइतकाच साठेबाज आहे, असा आरोप अनेकदा केला जातो. भाव पाहून विकणे हा हेतू असतोच, ते मी नाकारत नाही. परंतु चाळीतला, म्हणजे शेतावरच्या हवेशीर साठवणशेडमधला, कांदा म्हणजे कुलूपबंद तिजोरी नव्हे, ही बाब या चर्चेत येत नाही. रब्बीचा उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि खरिपाचा नवा लाल कांदा बाजारात येईपर्यंत देश त्याच्यावरच निभावतो, म्हणजे कोणीतरी तो साठवणे भागच असते. आमच्याकडे एका वर्षी एप्रिलच्या अखेरीस चाळीत भरलेल्या शंभर क्विंटलपैकी सप्टेंबरात निवडून, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा काढून, जेमतेम पासष्ट क्विंटल विकण्याजोगा निघाला. काही वजन आपोआप सुकून घटले, पावसाळी हवेत काही मालाला काजळी म्हणजे काळी बुरशी धरली, काहींना कोंब फुटले, आणि एक सडका कांदा खाली पाणी सोडू लागला की आसपासचे पाच-दहा घेऊन जातो. तो वास चाळीच्या तोंडाशीच कळतो.

म्हणून भाव दीडपट झाल्याची बातमी वाचताना ही घट आणि निवडणीची मजुरी आधी वजा करावी. लाल कांद्याला तर ही सवडही नसते, कारण तो फार टिकत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा नेमका तोच काढणीला आला होता.