आरव्ही, कुत्रा आणि जहाजांची संग्रहालयं: तुमचे अनुभव लिहा

या उन्हाळ्यात आरव्ही (राहाय-झोपायची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन अमेरिकेच्या ईस्ट कोस्टला भटकायचा बेत आहे. सोबत आमचा बीगल, बंड्या. नवऱ्याला जुन्या जहाजांचं वेड, मला पाण्याकाठी खुर्ची टाकून लोळायचं, आणि बंड्याला जे मिळेल ते हुंगायचं. तिघांचंही समाधान होईल असं ठिकाण म्हणजे सागरी संग्रहालय, असं माझं मत. ती पाण्यालगत असतात, बाहेर धक्का असतो, आणि बरंच काही तिकीट न काढताही दिसतं. पण आत कुत्र्याला घेत नाहीत, तेव्हा तुम्ही काय करता? हात न आखडता लिहा. देश कुठलाही चालेल, आरव्हीऐवजी साधी गाडी असली तरी चालेल.

पोर्टलँडकर

ईस्ट कोस्टचं नाही, पण अ‍ॅस्टोरियाबद्दल लिहितो. ऑरेगनमध्ये कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. इथे येणारीजाणारी मोठी जहाजं वाटाड्याशिवाय (बार पायलट) मुखावरचा वाळूचा उथळ पट्टा, म्हणजे 'बार', ओलांडत नाहीत. वाटाडे लाँचने किंवा हेलिकॉप्टरने भर समुद्रात जहाजावर चढतात. १७९२ पासून आजवर इथे सुमारे दोन हजार लहानमोठी जहाजं बुडाली असं सांगतात. 'पॅसिफिकचं स्मशान' हे नाव उगीच पडलेलं नाही.

कोलंबिया रिव्हर मेरीटाइम म्युझियममध्ये शिरलं की पहिल्यांदा दिसते ती तटरक्षक दलाची ४४ फुटी बचावनौका, लाटेवर जवळजवळ उभी चढलेल्या अवस्थेत टांगलेली. मी तिच्याखाली मान वर करून इतका वेळ उभा राहिलो की बायकोचा बाहेरून फोन आला, "माझी पाळी कधी?"

आमची पद्धत हीच. एकाने आत जायचं, दुसऱ्याने कुत्र्याला घेऊन नदीकाठच्या रिव्हरवॉकवर फिरायचं, मग अदलाबदल. आमच्या मोतीच्या पाळीत मात्र खरी गंमत झाली. रिव्हरवॉकने पूर्वेला चालत गेलं की बोटींचा एक धक्का येतो, तिथे सी-लायन ढिगाने पसरलेले असतात आणि अखंड भुंकतात. मोतीने आधी एकदा भुंकून उत्तर दिलं. समोरून शंभरेक आवाजात प्रत्युत्तर आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, शेपूट पायात घातली आणि गावाच्या दिशेने ओढायला लागला. त्या दिवशी परत भुंकला नाही.

मुक्काम फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्कमध्ये. वीज, पाणी, सांडपाणी तिन्हींची जोडणी मिळते. ऑरेगनच्या स्टेट पार्कात पट्टा सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही, लांब-आखूड होणारा असेल तर आखूड करून धरा. तिथल्याच किनाऱ्यावर १९०६ साली वाळूत रुतलेल्या 'पीटर आयरडेल'चा गंजका सांगाडा आहे. त्याला ना तिकीट, ना दार. ओहोटीला मोतीने त्याची एकूण एक फासळी हुंगली.

एकटीच

वरच्यांचं छान आहे हो, अदलाबदल करायला माणूस आहे! मी एकटी फिरते, सोबत म्हातारी लॅब्रॅडॉर. तिला आरव्हीत एसी लावून ठेवायचं आणि दोन तास संग्रहालय पाहून यायचं, असं सगळे सांगतात. करा, पण एसी कॅम्पग्राउंडच्या विजेवर चालतो, आणि जुलैत दुपारी सगळ्यांचे एसी एकदम लागले की वीज गचके खाते, हे लक्षात ठेवा.

व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजच्या मरीनर्स म्युझियममध्ये होते. तिथे 'मॉनिटर' या लोखंडी युद्धनौकेचा फिरता तोफ-बुरूज आहे. ही नौका ३१ डिसेंबर १८६२ च्या पहाटे केप हॅटरसजवळ बुडाली, बुरूज २००२ साली वर काढला. तेव्हापासून तो टाकीत रसायन मिसळलेल्या पाण्यात बुडवून ठेवलाय. लोखंडात मुरलेलं मीठ हळूहळू बाहेर यावं लागतं. नुसता वाळवला तर पापुद्रे सुटून भुगा होईल, म्हणून वर्षानुवर्षं हा उपचार. मी त्या टाकीसमोर असताना फोन वाजला: आरव्हीतलं तापमान ३१ अंश. मी तशीच पळत सुटले. पार्किंग, सिग्नल, कॅम्पग्राउंड. खांबावरचा ब्रेकर पडला होता. ऑफिसात विचारलं तर "होतं असं" म्हणाले, खांदे उडवून. लॅब ठीक होती, पंख्याखाली जीभ काढून पडलेली.

तापमान कळवणारं यंत्र स्वतःच्या सिमकार्डाचं घ्या. कॅम्पग्राउंडच्या वायफायवर चालणारं नको, कारण वीज गेली की वायफायही जातं आणि मग निरोप येतच नाही. आणि शक्य असेल तर त्या दिवसापुरतं जवळच्या डॉगी डे-केअरला सोडा. रेबीजचं प्रमाणपत्र आणि केनेल-कफच्या (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याच्या) लशीचा कागद मागतातच, मूळ प्रती गाडीत असू द्या. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं आणि उरलेलं संग्रहालय निवांत पाहिलं. संध्याकाळी तिला घेऊन नोलँड ट्रेलवर गेले. संग्रहालयाच्याच जंगलातून तळ्याभोवती पाच मैलांची वाट आहे, पट्ट्यावर कुत्रे चालतात. आम्ही दोघींनी मिळून एक मैल केला असेल, उरलेला वेळ बाकावर.

बंड्याची आई (धागाकर्ती)

सिमकार्डवालं यंत्र यादीत टाकलं. ताई, हे वाचून अंगावर काटा आला.

टीसकाठचा

इंग्लंडातून. इकडे आरव्ही म्हणत नाहीत, मोटरहोम. आमचं आकाराने तुमच्याकडच्यांच्या निम्मं असेल. कुत्र्याला प्रवासात बांधून किंवा पिंजऱ्यात ठेवावं लागतं, मांडीवर बसवून चालत नाही.

मराठी माणसाने बघायलाच हवं असं जहाज हार्टलपूलमध्ये आहे. 'ट्रिंकोमाली'. ब्रिटिश आरमाराचं, पण जन्म आपल्या मुंबईच्या गोदीतला. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलेलं. नेपोलियनच्या लढायांत इंग्लंडात ओकची टंचाई झाली होती, म्हणून काम मुंबईला आलं. आज ही पाण्यावर तरंगणारी सर्वात जुनी ब्रिटिश युद्धनौका. पोर्ट्समथची 'व्हिक्टरी' जुनी खरी, पण ती कोरड्या गोदीत आहे.

आधी बायको वर गेली, मी आणि आमचा टिपू (बॉर्डर टेरियर) धक्क्यावर. म्हणून नाळेवरची मूर्ती मला निवांत बघायला मिळाली: फेटेवाला, मिशीवाला पुरुष, छाती काढून उभा. टिपू त्याच्यावर गुरगुरला. नंतर मी वर गेलो. तोफांच्या मजल्यावर कमरेत वाकून चालावं लागतं. तिथे एका तुळईवर सहज हात ठेवला, तर आजोळच्या माजघरातल्या खांबासारखी गार आणि गुळगुळीत. दोनशे वर्षांत या लाकडाने मुंबईचा पाऊसही खाल्लाय आणि नॉर्थ सीचं वारंही.

कुत्रेवाल्यांसाठी एक सूचना: इथल्या बऱ्याच किनाऱ्यांवर मे ते सप्टेंबर काही पट्ट्यांत कुत्र्यांना बंदी असते. पाटी वाचा, दंड होतो.

आणि हार्टलपूलकरांसमोर माकडाचा विषय जपून. नेपोलियनच्या काळात फुटलेल्या फ्रेंच जहाजातून एकटं माकड वाचलं आणि गावाने त्याला हेर समजून फाशी दिलं, अशी दंतकथा आहे. पुढे फुटबॉल क्लबचं शुभचिन्हही माकडच झालं, आणि २००२ साली त्या माकडाचा पोशाख घालणारा गडी महापौर म्हणून निवडून आला! हे मात्र दंतकथेतलं नाही.

चार्ल्सटाउन-रिटर्न

@टीसकाठचा, तुमच्या 'ट्रिंकोमाली'चा अर्धा किस्सा बोस्टनला आहे. तिच्या बांधणीचे नकाशे १८१२ मध्ये 'जावा' नावाच्या ब्रिटिश जहाजातून मुंबईला निघाले होते. २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला हरवलं आणि नंतर जाळून टाकलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले, म्हणून मुंबईतलं काम रखडलं. 'कॉन्स्टिट्यूशन' १७९७ चं, अजून बोस्टनमधल्या चार्ल्सटाउनच्या धक्क्यावर आहे, आजही नौदलाच्या सेवेत. वर जायला पैसे नाहीत, मोठ्यांकडे फोटो ओळखपत्र हवं.

धागाकर्तीसाठी महत्त्वाचं: आरव्ही घेऊन बोस्टन शहरात शिरू नका. स्टॉरो ड्राइव्ह या रस्त्यावरचे पूल इतके बुटके आहेत की दर वर्षी भाड्याच्या ट्रकांची छपरं तिथे सोलली जातात, आणि प्रोपेनची टाकी असलेल्या गाडीला बोगद्यांत मनाई आहे. म्हणजे जीपीएस जिकडे नेईल तिकडे तुमचा रस्ता बंद. शहराबाहेर मुक्काम करा आणि लोकलने या. गर्दीची वेळ टाळली तर पट्ट्यावरच्या कुत्र्याला सहसा बसू देतात.

देवगडचा पाव्हणा

आरव्हीचं कौतुक वाचलं. आम्ही पुण्याहून भाड्याची कॅराव्हॅन ठरवली होती. कुत्रा आहे म्हटल्यावर "चालेल", गावठी आहे म्हटल्यावर "सीट खराब होतात हो". मग आपली बोलेरो, मागे गादी, आणि खंड्या.

विजयदुर्गाजवळ गिर्येला खाडीच्या काठी मराठा आरमाराची जुनी गोदी आहे, खडकात कोरलेली. दार नाही, तिकीट नाही, कुत्रा चालेल का विचारायला माणूसही नाही. खंड्या आत बाहेर पळून आला, आम्ही कातळावर बसून डब्यातल्या घावन्या खाल्ल्या. माझ्या मते धाग्यातलं सगळ्यात श्वानप्रेमी सागरी संग्रहालय हेच. पाट्या लावल्या असत्या तर बरं झालं असतं, इतकंच.

पोर्टलँडकर

+१. पुढच्या भारतवारीत नक्की.

बंड्याची आई (धागाकर्ती)

बोस्टनचा सल्ला वेळेवर मिळाला, मी आरव्ही थेट धक्क्यापर्यंत न्यायचं ठरवलं होतं! आता शहराबाहेर मुक्काम, बोस्टनला लोकलने. नवऱ्याला 'कॉन्स्टिट्यूशन', मला आणि बंड्याला धक्क्यावरचा बाक. व्हर्जिनियात नोलँड ट्रेल. कनेक्टिकटमधल्या मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयात कुणी कुत्रा घेऊन गेलं असेल तर लिहा, तिथलं १८४१ चं देवमाशांच्या शिकारीचं जहाज नवऱ्याच्या यादीत पहिल्या नंबरवर आहे.